शिक्क्याची शाई

अकराच्या सुमाराला प्रिंटरचा आवाज बदलला. सकाळपासून तो एका लयीत करकरत होता, आता मधेच घोगरा झाला. दाराजवळच्या स्टुलावर बसून सुंदरा कागदांच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडत होती, तिनं मान वर केली.

कॉम्प्युटर चालवणाऱ्या कर्णिक मॅडमनी बाहेर आलेला कागद उचलून उजेडात धरला. "हे काय झालं?" त्या स्वतःशीच म्हणाल्या.

अक्षरांचे पाय गेले होते. प्रत्येक नावाची खालची कड कुणी ओल्या बोळ्यानं पुसून काढावी तशी नाहीशी झाली होती. सुंदराला इंग्रजी येत नव्हतं. मराठी तेवढी चौथीपर्यंतची. पण मोडलेलं ते मोडलेलं, ते ओळखायला शाळा लागत नाही. हे कशानं झालं ते त्या खोलीत फक्त तिलाच ठाऊक होतं.

अठ्ठ्याऐंशी सालचा श्रावण. रसायनीच्या त्या कारखान्यात कॉम्प्युटर येऊन दीड वर्ष झालं होतं आणि सुंदरालाही तिथं येऊन जवळपास तेवढंच. तिचा नवरा कमळ्या बॉयलरवर होता. पहिल्या पाळीला लोधिवलीहून सायकलनं निघाला आणि हायवेवर ट्रकखाली आला. कंपनीनं सुंदराला शिपाई म्हणून घेतलं, पण हंगामी. मूलबाळ नव्हतं, घरात म्हातारी सासू अंबाबाई. कॉम्प्युटरच्या खोलीत धूळ चालत नाही, गडबड चालत नाही, म्हणून शांत माणूस हवं होतं. सुंदराची तिथं नेमणूक झाली. चपला बाहेर काढायच्या, फरशी ओल्या फडक्यानं पुसायची, कागदांचे गठ्ठे लावायचे आणि प्रिंटरची रिबन संपली की बदलायची. ही रिबन असायची काळ्या प्लॅस्टिकच्या एका लांबट डबीत. सुंदरा तिला डबीच म्हणे.

वापरून झालेली डबी टाकायचं कामही तिचंच, आणि ते करताना तिचा हात अडखळे. घरी जुन्या लुगड्याची गोधडी होते, गोधडीचं पायपुसणं होतं, पायपुसण्याच्या चिंध्या चुलीवरची भांडी उतरवायला येतात. इथं नुसती शाई सुकली म्हणून धडधाकट डबी उकिरड्यावर! मुंबईहून नव्या यायला महिना-महिना लागे. शनिवारी मॅडम कपाट उघडून बघत म्हणाल्या होत्या, "एकही नाही गं शिल्लक. आतली ही तर इतकी फिकी झालीय. सोमवारी यादी कशी काढायची?"

तेव्हा सुंदरानं एक जुनी डबी पिशवीत टाकली आणि चौक गावच्या दुकानातून शिक्क्याच्या शाईची बाटली घेतली. रविवारी ओट्यावर बसून केसांतल्या आकड्यानं डबीचं झाकण उचकटलं. आत बोटभर रुंदीची कापडी फीत नागमोडी घड्या घालून कोंबलेली होती, तिला ना सुरुवात ना शेवट. बाहेर काढायला एक पळ लागला आणि परत भरायला अख्खा दिवस. "भुतानं झपाटलंय का गं तुला?" असं अंबाबाई दोनदा विचारून गेली. दिवे लागायच्या वेळेला झाकण टक्कन बसलं तेव्हा सुंदरा एकटीच हसली.

सोमवारी सकाळी मॅडम यायच्या आधी तिनं डबी बसवून ठेवली. पहिला कागद अगदी ठळक निघाला. "अरे वा! आली वाटतं रिबन?" मॅडम म्हणाल्या. सुंदरा कागद लावत राहिली. जेवणाच्या सुट्टीत सांगायचं, बाटलीही दाखवायची, मॅडम चकित होतील, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. बाटली पिशवीत होती.

आणि आता हे असं झालं होतं.

"मॅडम," ती उठून पुढं आली. "ती डबी नवी नाय. जुनीच हाय. मी भरली."

"भरली म्हणजे?"

"शाई घातली. काल, घरी."

"कुठली शाई?"

"शिक्क्याची."

मॅडमनी प्रिंटरचं झाकण उचललं. ज्या लहानशा ठोकळ्यातून बारीक सुया फितीवर आपटून अक्षर उमटवतात, त्याच्या तोंडाशी जांभळा चिकटा जमला होता. तापलेल्या सुयांवर पाण्यातली शाई वाळून डिंकासारखी झाली होती. मॅडमनी फडक्यानं पुसून पाहिलं, पुन्हा चालू करून पाहिलं. अक्षरांचे पाय परत आले नाहीत.

"तुमी शनवारी म्हनत व्हता, यादी कशी काढू म्हनून... मला वाटलं..." सुंदरा म्हणाली.

यादी साधी नव्हती. कारखान्यात ज्यांच्या जमिनी गेल्या होत्या, ज्यांच्या घरातलं कमावतं माणूस गेलं होतं, असे त्रेसष्ट हंगामी कामगार कायम व्हायचे होते. त्यांची नावं अलिबागला सरकारी कचेरीत द्यायची आजची शेवटची तारीख होती. चार वाजता जीप निघणार होती. त्या त्रेसष्टांत एक नाव सुंदराचंही होतं, आणि कायम होणाऱ्याच्या नावावर कसूर नसावी अशी अट होती. ती अट तिला पाठ होती.

तेवढ्यात दार उघडून वर्तक साहेब आत आले. कामगारांच्या नेमणुका त्यांच्या हातात. "झाली का यादी, मॅडम?"

"प्रिंटर बंद पडलाय."

"आज? कशानं पडला?"

सुंदरानं तोंड उघडलं. मॅडमनी तिच्याकडे न बघता हात किंचित वर केला. "कशानं ते मी तुम्हाला चारच्या आत सांगते, साहेब. आधी मला तुमच्याकडचा मराठी टाइपरायटर पाठवा."

टाइपरायटर आला. मॅडमनी तो कॉम्प्युटरशेजारी ठेवला, कार्बन घालून तीन कागद चढवले आणि पडद्यावरचं एकेक नाव मोठ्यानं वाचत टाइप करायला लागल्या. मोठ्यानं वाचायची त्यांची जुनी सवय होती. सुंदरा भिंतीशी उभी होती. बसायचं धाडस तिला होत नव्हतं.

"पाशा रामा भोईर," मॅडम म्हणाल्या.

"पोशा," सुंदराच्या तोंडून निघून गेलं.

"काय?"

"पाशा नाय मॅडम, पोशा हाय त्यो. माझ्या माहेरचा हाय."

मॅडम थांबल्या. पडद्यावर पाशाच होतं. त्यांनी कपाटातून जुनी हातानं लिहिलेली नोंदवही काढायला लावली. तिथं स्पष्ट पोशा होतं. मुंबईच्या ज्या माणसानं कॉम्प्युटरमध्ये नावं भरली, त्यानं असं नाव आयुष्यात ऐकलं नसणार.

"एवढ्यानं काही अडलं असतं का गं?" मॅडमनी विचारलं.

"अडतं मॅडम. आमच्या यांच्या कागदावर कमळ्याचं कमल्या झालं व्हतं. त्या येका अक्षरापायी सहा महिने फिरले मी. परत्येक टेबलावर सांगायचं, मेला त्यो ह्योच म्हनून."

दुसरं स्टूल मॅडमनी पायानं ओढून आपल्याजवळ घेतलं. "इथं बस. मी वाचते, तू ऐक."

मग दोघी बसल्या. धाकुलचा धाकलू झाला, चिंदीची चिंधी झाली. सुंदरा डोळे मिटून ऐकत होती. एकेक नाव ऐकताच तिला माणूस दिसे, त्याचं घर, त्याला हाक मारणारा बाप दिसे. नागू गोमा ठाकूर हे नाव आलं तेव्हा तिनं डोळे उघडले.

"यो कुठला, मॅडम?"

"लोधिवली."

"मग मोहोपाड्याचा कुठं हाय?"

"मोहोपाड्याचा कोण?"

"नागू गोमा ठाकूरच. दोघं हायत ते. नाव येक, बापाचं नाव येक. त्याची तर घरची समदी जमीन गेली."

मॅडमनी नोंदवहीची पानं भराभर उलटली. नागू दोन होते. कॉम्प्युटरनं दुसऱ्याला पहिलाच समजून गाळून टाकला होता. "तरीच," मॅडम हळूच म्हणाल्या. "मी शुक्रवारपासून मोजतेय. कागदावर त्रेसष्ट आणि इथं बासष्टच भरतायत. मला वाटलं, माझंच मोजायला चुकतंय." त्यांनी दुसरा नागू पहिल्याच्या खाली टाइप केला आणि दोघांपुढं गावांची नावं घातली.

शेवटून चौथं नाव आलं. मॅडम वाचायच्या थांबल्या. सुंदराला पडद्यावरचं वाचता येत नव्हतं, पण थांबण्यावरून कळलं.

"माझं हाय का?"

"हो."

"ते राहूंद्या मॅडम. आज नका घालू. साहेबांना कळलं तर तुमच्यावर यायाचं."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "नवऱ्याचं नाव कमळ्याच ना? ळ?"

"हां. कमळ्याच."

मॅडमनी एकेक कळ सावकाश दाबत नाव पुरं केलं. सुंदरानं तोंडाला पदर लावला.

सव्वातीनला दोघी वर्तक साहेबांच्या टेबलापुढं उभ्या होत्या. मॅडमनी कागद पुढं ठेवले आणि काही न लपवता सगळं सांगितलं. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"म्हणजे प्रिंटर हिनं बिघडवला."

"हो. आणि यादी हिनं दुरुस्त केली. अकरा नावं चुकीची होती, एक माणूसच गळला होता. लिहायचं तर दोन्ही लिहा, साहेब. एकच लिहिणार असाल तर खाली माझं नाव घाला. खातं माझं आहे."

वर्तक साहेब वाईट माणूस नव्हते, घाईतले होते. त्यांनी यादीवरून बोट फिरवलं. बोट दोन नागूंपाशी थांबलं. "हा दुसरा राहिला असता तर?"

"राहिला असता," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा यादी कधी निघाली असती, देव जाणे."

साहेबांनी पेन उघडलं. सही केली. शिक्का उचलून पॅडवर दाबला, कागदावर मारला, तर उमटलाच नाही. पॅड ठणठणीत कोरडं होतं. साहेबांनी त्यावर दोनदा फुंकर घातली, खण उघडून पाहिला, शिपायाला हाक मारली. शिपाई जागेवर नव्हता.

"साहेब," सुंदरा खाली बघत म्हणाली, "शाई हाय माझ्याकडं. अर्धी बाटली उरलीय."

आधी वर्तक साहेब हसले, मग मॅडम हसल्या. सुंदरानं बाटली आणली, पॅडवर चार थेंब टाकून बोटानं पसरवले. त्रेसष्ट नावांखाली जांभळा गोल शिक्का ठसठशीत उमटला आणि चारच्या जीपनं यादी गेली.

परत येताना व्हरांड्यात सुंदरा थांबली. "मॅडम, तुमचे उपकार मी कशी..."

"उपकार कसले गं? शाई चुकली तुझी, हात नाही चुकला. ती डबी उघडून मी परत लावूच शकले नसते." मॅडम दोन पावलं गेल्या आणि वळल्या. "रविवारी कर्जतला येशील? एका माणसाकडे जायचंय."

कर्णिक मॅडम कर्जतच्याच. मुलगी असताना तिथंच टायपिंग शिकल्या होत्या. त्या क्लासच्या झिजलेल्या रिबनींना जवळच्या दहिवलीचा नामा पुन्हा शाई देई; कोर्टापुढच्या अर्ज लिहिणाऱ्यांच्या रिबनीही त्याच्याकडेच जात. आता तो सत्तरीचा होता. रविवारी दोघी गेल्या तेव्हा तो ओट्यावर बसला होता; पुढ्यात लाकडी फळी, तिच्यावर दोन चाकं आणि मधे शाईत भिजलेला नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा, रूळ. एका चाकाची मूठ फिरवली की रिबन रुळाला घासून दुसऱ्या चाकावर जाई.

मॅडमनी डबी त्याच्या हातात ठेवली. त्यानं ती कानाशी नेऊन हलवली.

"यात काय हाय, बाय?"

"रिबनच हाय, नामाबाबा," सुंदरा म्हणाली. "पर टोकं नायती. गोल हाय."

तिनं झाकण उचकटून दाखवलं तसा म्हातारा पोट धरून हसला. "मायला! सापाला पेटाऱ्यात कोंडल्यागत कोंडलीय की!" मग गंभीर झाला. "कुठली शाई घातलीस तू?"

"शिक्क्याची."

"ती पान्याची. पानी सुकतं. ह्याला तेलाची पायजे, छापखान्याची. ती बी नुसती नाय, शिवनयंत्राचं तेल घालून पातळ करायची. किती पातळ? हे बघ." त्यानं काडी बुडवून वर धरली. थेंब लोंबला, लांबला आणि बऱ्याच वेळानं सुटला. "असा पडला पायजे. मधावानी. आन् येक ध्यानात ठेव. शाई दिली की लगेच वापरायची नाय. दोन दिस निजू द्यायची. तेल आपल्या पायानं चालत जातं, जिथं कोरडं हाय तिथं. आपन घाई करायची नाय."

दुपारपर्यंत तिनं तीन डब्या भरल्या. टोकं नसलेली फीत फिरवायला चाकं उपयोगाची नव्हती. नामानं मग दोन खुंट्या ठोकून दिल्या, फीत त्यांच्यावर चढवली आणि मधे रूळ धरला. निघताना त्यानं शाईचा डबा आणि एक जादा रूळ तिच्या पिशवीत घातला. मॅडम पर्स उघडायला लागल्या तसा त्यानं हात जोडले.

"नको, बाय. चाळीस वर्सं केलं. दोन्ही लेक म्हनतात, हात काळे करायचा धंदा कोन करनार? कुनी शिकायला म्हनून आलंच नव्हतं. आज आली ही." तो सुंदराकडे वळला. "तुझंच बरं झालं आसं नको समजू."

सुंदरा वाकून त्याच्या पाया पडली. म्हाताऱ्यानं पाय मागं घेतले नाहीत.

दुरुस्तीवाला मुंबईहून आला, सुया स्पिरिटनं धुऊन गेला. सुंदरानं भरलेली पहिली डबी मॅडमनी आधी जुन्या कागदांवर चालवून पाहिली. पंधरा दिवस ती टिकली, नव्यासारखीच. मग कपाटात भरलेल्या डब्यांची रांग लागली. प्रत्येकीवर सुंदरा खडूनं तारीख घालायची, निजलेली कुठली आणि उठलेली कुठली ते कळायला. उकिरड्यावर डबी जाणं बंद झालं. गणपती झाले, गौरी गेल्या, अलिबागहून त्रेसष्टच्या त्रेसष्ट नावं मंजूर होऊन आली, आणि मोहोपाड्याच्या नागूची बायको एक दिवस गेटवर काकडीची पाटी घेऊन आली. "यादी करनारी बाई कोन?" असं विचारत होती. रखवालदारानं कर्णिक मॅडमना निरोप दिला, तर मॅडमनी सुंदरालाच पाठवलं.

नवरात्र आलं. दसऱ्याला सुट्टी, म्हणून कारखान्यात यंत्रांची पूजा आदल्या दिवशी, खंडेनवमीला असे. बॉयलरपासून वजनकाट्यापर्यंत सगळीकडे झेंडू आणि गुलाल. कॉम्प्युटरच्या खोलीत वर्तक साहेब तबक घेऊन आले. मागं हिशेब खात्यातल्या दोघी-तिघी नटूनथटून उभ्या होत्या. साहेबांनी तबक मॅडमच्या हातात दिलं.

मॅडमनी ते घेतलं आणि दाराशी उभ्या असलेल्या सुंदरापुढं धरलं.

"तू कर."

सुंदरा मागं सरली. तिचा हात आपसूक मोकळ्या कपाळाकडे गेला. "मॅडम, मी नको. मला चालत नाय."

मागच्या बायांपैकी एक खाकरली. वर्तक साहेब चुळबुळले. मॅडमनी आवाज चढवला नाही. "ह्या यंत्राला रोज पुसतं कोण? त्याच्या पोटात शाई कोण घालतं? त्याला चालतं, सुंदरा, तर तुला का चालू नये?"

तबक हवेतच होतं. तबक पितळेचं, जड होतं. सुंदराच्या मनात आलं, या बाईला किती वेळ असं उभं करायचं? तिनं दोन्ही हात पुढं केले.

हळद-कुंकू तिनं प्रिंटरच्या टेबलाच्या पायाला लावलं, कारण वर लावलं तर भुकटी आत जाईल. झेंडूचं एक फूल झाकणावर ठेवलं. हात जोडले आणि डोळे मिटले, पण मागायचं काय ते तिला सुचेना. तिच्या मनात तेव्हा फक्त माणसं येत होती. पोशा, दोन नागू, दहिवलीचा म्हातारा, शेजारी उभी असलेली बाई. साहेबांनी पायरीवर नारळ फोडला आणि एक वाटी तिच्या हातावर ठेवली.

संध्याकाळी कंपनीची गाडी लोधिवलीच्या फाट्यावर सोडून गेली. अंबाबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिचा नवरा जाऊन तीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत वाडीतल्या कुठल्या लग्नात, कुठल्या ओटीभरणात ती पुढं गेली नव्हती. दाराआड उभी राहून बघायची आणि जेवून घरी यायची. सुंदरानं पिशवीतून नारळाची वाटी काढून तिच्यापुढं ठेवली.

"पूजेचं हाय, आत्या."

"कुनी केली पूजा?"

सुंदरानं पदर सारखा केला. "मी केली."

अंबाबाईचा हात सुपात थांबला. तिनं वर पाहिलं नाही. एक खडा उचलून तिनं अंगणात टाकला, मग दुसरा टाकला. पलीकडे कुणीतरी गुरं बांधत होतं.

"नारल कसा निंगाला?" तिनं विचारलं.

"चांगला निघाला. पांढराशुभ्र."

म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं. वाटी उचलून नाकाशी नेली, उलटीपालटी करून पाहिली आणि सुनेच्या हातात परत दिली.

"माला दात नायत गं," ती म्हणाली. "खवून दे. आन् जरा गूल टाक त्यात."

सुंदरा आत जाऊन विळीवर बसली.